केसपेपरची शेवटची ओळ

दीनाबाई दुशिंग या बाईने मला आयुष्यात दोनदा नाव विचारलं, आणि दोन्ही वेळा माझी पंचाईत झाली.

पहिली वेळ अठ्ठावीस वर्षांपूर्वीची. मी तेव्हा बदली होऊन श्रीरामपुरात नवाच आलो होतो, नुकताच हेडमास्तर झालो होतो आणि ही गोष्ट सगळ्या गावाला माहीत असायला हवी अशी माझी समजूत होती. तापाने फणफणलो म्हणून एका जुन्या दवाखान्यात गेलो. केसपेपरच्या खिडकीपुढे ही मोठी रांग. तासाभराने माझा नंबर लागला. आतून आवाज आला, "नाव?"

"मी हेडमास्तर आहे," मी म्हणालो.

"नाव विचारलंय. हुद्दा नाही."

माझ्या मागे आमच्याच शाळेतल्या दोन मुलांच्या आया उभ्या होत्या. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मी नाव सांगितलं, याकोब रणनवरे. मग वय, गाव, काय होतंय, किती दिवसांपासून. "कोणी पाठवलं?" असंही विचारलं. मी चिडून म्हणालो, "कोणी कशाला पाठवेल? माझे मला पाय आहेत." त्यांनी शांतपणे 'स्वतः' असं लिहिलं, शिक्का मारला, कागद माझ्या हातात दिला आणि माझ्या मागच्या बाईला नाव विचारलं. माझा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. राग उतरायला बरीच वर्षं लागली.

पुढच्या रविवारी कळलं की ही बाई आमच्याच चर्चची. म्हणजे आता दर आठवड्याला दर्शन.

दीनाबाई मूळच्या बेलापूरच्या. वडील कालव्याच्या कामावर गवंडी होते. मॅट्रिक झाल्या, लग्न होऊन श्रीरामपुरात आल्या, आणि दवाखान्यातला कारकून आजारी पडला म्हणून पंधरा दिवसांसाठी त्या खिडकीत जाऊन बसल्या. उठल्या त्या एकतीस वर्षांनी. ठेंगणी मूर्ती, चष्म्याला काळा दोरा, आणि अक्षर असं की आमच्या शाळेतल्या दोन मास्तरांना मी त्यांच्याकडे शिकायला पाठवलं असतं. पण ते मी कधी बोलून दाखवलं नाही.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "नाव चुकलं की औषध चुकतं." यामागे एक घडलेली गोष्ट होती. एकाच गावच्या, एकाच नावाच्या दोन बाया, दोघीही मालनबाई, एकाच दिवशी दवाखान्यात आल्या. त्यातल्या तरुण मालनबाईला एका इंजेक्शनने मागे अंगभर सूज आलेली, ते तिच्या कागदावर लाल शाईने लिहिलेलं. गर्दीत कागदांची अदलाबदल झाली. कागदावर बावन्न वय होतं आणि हातात कागद धरून चाललेली बाई तिशीच्या पुढची दिसेना, एवढ्यावरून दीनाबाई खिडकी सोडून धावत गेल्या आणि इंजेक्शनच्या खोलीच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. डॉक्टर ओरडले, ते ऐकून घेतलं. कागद तपासल्यावर डॉक्टरांचाच आवाज बसला. तेव्हापासून खिडकीपुढे कोण उभं आहे याच्याशी दीनाबाईंना देणंघेणं उरलं नाही. आमदाराचा भाऊ असो की ऊसतोडीची बाई, सगळ्या ओळी भरल्याशिवाय कागद बाहेर यायचा नाही.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा दवाखान्यात संगणक आला होता. छापील कोऱ्या केसपेपरचे तीन गठ्ठे रद्दीत निघाले होते. दीनाबाईंनी ते विचारून घेतले आणि रिक्षात घालून घरी आणले. मागची बाजू कोरी आहे, हिशेबाला, किराण्याच्या यादीला होतील, असं म्हणाल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी प्रार्थना पुण्याला नांदते, एकट्या बाईची किराण्याची यादी असून असून किती असणार?

त्यांच्या घराची खिडकी चर्चकडे जाणाऱ्या गल्लीत उघडते. संध्याकाळी त्या तिथे तांदूळ निवडत बसायच्या. खिडकीत दीनाबाई दिसल्या की माणसं आपोआप थांबायची. जुनी सवय, दुसरं काय. सुरुवातीला डॉक्टरची चिठ्ठी घेऊन थांबायची, गोळी सकाळची की रात्रीची म्हणून. पुढे हातात मोबाईल आले. मग "दीनाबाई, हे बघा काय आलंय," असं म्हणत लोक फोनच गजातून आत द्यायला लागले.

हे सगळं त्या गोड चेहऱ्याने करायच्या असं मात्र समजू नका. एकदा आमच्या श्रीमंत ओहोळांना, श्रीमंत हे नुसतं नाव, रेल्वेत सांधेवाले होते ते, त्यांनी सगळ्या गल्लीसमोर झापलं होतं. "रूळ बदलताना कागद बघितल्याशिवाय कधी दांडा ओढला का? मग गुडघ्याला काय कोणाचंही तेल लावता?"

पण बाई स्वतःलाही सोडायच्या नाहीत. कोरोनाच्या वेळी त्यांनीच एक निरोप चाळीस जणांना पाठवला होता. दहा सेकंद श्वास रोखता आला तर तुम्हाला कोरोना नाही, असा. त्यांच्या बहिणीच्या नवऱ्याने वीस सेकंद रोखून दाखवला आणि निर्धास्त झाला, तपासणीला गेलाच नाही. आठव्या दिवशी त्याला ऑक्सिजन लावावा लागला. "तो वाचला म्हणून मी हे सांगू शकते," असं त्या भर मंडळीत सांगायच्या. "एकतीस वर्षं नाव-गाव विचारल्याशिवाय कोणाला आत सोडलं नाही, आणि त्या मेसेजला ना नाव ना गाव, त्याला मी चाळीस घरांत नेऊन सोडलं." आपली चूक इतक्या सरळ कोणी सांगायला लागलं की मला अवघडल्यासारखं व्हायचं. का व्हायचं ते पुढे कळेल.

त्यासाठी आधी माझी साक्ष सांगायला हवी. आमच्या चर्चमध्ये साक्ष देण्याची पद्धत आहे. उपासनेच्या मध्ये पाळकसाहेब विचारतात, कोणाला साक्ष द्यायची आहे का? मग कोणी तरी उठतं आणि देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगतं. मुलाला नोकरी लागली, ऑपरेशन पार पडलं, दारू सुटली. ऐकणारे आमेन म्हणतात, टाळ्या वाजवतात. साक्षीला उलट प्रश्न कोणी विचारत नाही. देवापुढे उभं राहून बोलणाऱ्या माणसाकडे पुरावा कोण मागेल?

मला बारा वर्षांपासून शुगर आहे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. पांढरा कोट घातलेले एक गृहस्थ, बोलणं असं ओघवतं की ऐकत राहावं. जांभळाच्या बिया, मेथी आणि कडुलिंबाचा काढा चाळीस दिवस घ्या, शुगर मुळापासून जाईल, असं ते सांगत होते. ईस्टरच्या आधीचे उपासाचे, म्हणजे लेंटचे, चाळीस दिवस तोंडावर आले होते. चाळीसला चाळीस जुळले आणि मला त्यात देवाचा संकेत दिसला. बाजारातून बिया आणल्या, रोज पहाटे तो कडूजहर काढा प्यालो. ईस्टरच्या आदल्या दिवशी उपाशीपोटी रक्त तपासलं, एकशे आठ! बारा वर्षांत इतकी खाली कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी, भरल्या चर्चमध्ये, मी उठलो. देवाने रानातल्या झाडपाल्यातून मला बरं केलं आणि आजपासून माझ्या गोळ्या बंद, असं सांगितलं. मी बोलायला लागलो की लोक ऐकतात, ते मला ठाऊक आहे. टाळ्या थांबेनात. दाराजवळ छबूबाई पदराने डोळे पुसत होती.

ही छबूबाई चर्चची झाडलोट करते. चौसष्टीची आहे, आणि तिलाही शुगर आहे. फार वर्षांपूर्वी, साक्षरतेचे वर्ग चालायचे तेव्हा, मी तिला अक्षरं शिकवली होती. अंगठा सोडून पहिली सही केली ती माझ्या वहीत. 'सरांनी सांगितलं' म्हणजे तिच्या लेखी फळ्यावर लिहिलेलं. तिने ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी गोळ्या बंद केल्या आणि काढा सुरू केला. मला येऊन सांगितलंही. मी "शाब्बास" म्हणालो.

जुलैत बायकोने हट्टाने मला तीन महिन्यांची शुगर तपासायला नेलं. सातच्या आसपास हवी, ती दहा पॉईंट चार आली. डॉक्टरांनी आधी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "सर, तुम्ही तरी?" मी त्याच दिवशी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. घरी आल्यावर बायको म्हणाली, "आता चर्चमध्येही सांगून टाका." मी म्हणालो, बघू. दिलेली साक्ष परत घ्यायची आमच्यात पद्धत नाही, अशी मी मनाची समजूत घातली. खरं तर मला लाज वाटत होती, बाकी काही नाही.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी जाहीर केलं की उपासनेनंतर बाजूच्या खोलीत दीनाबाई साठीच्या पुढच्यांचा वर्ग घेतील. मोबाईलवर आरोग्याची माहिती शोधायची कशी आणि पारखायची कशी. पस्तीस वर्षं मी वर्ग घेतले आणि आता केसपेपरवाली बाई मला शिकवणार! मी गेलो. चुका काढायला गेलो, हे कबूल करतो.

दहा-बारा म्हातारी माणसं संडे स्कूलच्या पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसली होती. दीनाबाईंनी प्रत्येकाला एकेक कोरा केसपेपर दिला. ते रद्दीतले गठ्ठे असे कामाला आले होते.

"फोनवर काही आलं, की तो पेशंट समजायचा," त्या म्हणाल्या. "आधी कागद काढायचा, मग आत सोडायचं. नाव म्हणजे सांगणाऱ्याचं नाव. वय म्हणजे हे कधीचं आहे. गाव म्हणजे कुठून निघालं. तक्रार, किती दिवसांपासून, औषध. कोणी पाठवलं, आणि पाठवणाऱ्याचं त्यात काय आहे. आणि सगळ्यात शेवटची ओळ, पुन्हा तपासणी केव्हा. बरा झाला म्हणतात तो माणूस नंतर कोणी परत बघितला का?"

श्रीमंतांनी त्यांना आलेल्या तेलाच्या मेसेजचा कागद भरायला घेतला. नाव नाही. गाव नाही. वय, "आजच आलंय की." दीनाबाईंनी त्यांना तेच शब्द शोधायला लावले, तर तोच मजकूर चार वर्षांपूर्वीही कोणीतरी लिहिलेला सापडला. कोणी पाठवलं, तर मेव्हण्याने. खाली तेल मागवायचा फोन नंबर.

"म्हणजे हा पेशंट नाहीच," दीनाबाई म्हणाल्या. "हा खिडकीत विकायला आलाय." खोलीभर हशा पिकला. श्रीमंतही हसले, पण गुडघा चोळत.

दुसऱ्या रविवारी त्यांनी शोधायला शिकवलं. टाईप करता येत नसेल तर माईकच्या खुणेवर बोट ठेवून बोला. श्रीमंतांना बोलायला लावलं, "गुडघेदुखी कायमची घालवणारं तेल." भराभर तेलंच तेलं आली. मग त्यांनाच म्हणायला लावलं, "तेलाने गुडघ्याची झीज भरून येते का?" आता भलतंच काहीतरी यायला लागलं, डॉक्टरांचं, वैद्यकीय कॉलेजांचं. "हे दुकानदारासारखं आहे," दीनाबाई म्हणाल्या. "तुम्ही साडी मागितली की साडीच दाखवणार, तुम्हाला साडीची गरज आहे का ते नाही सांगणार." वर बारीक अक्षरात 'जाहिरात' लिहिलेलं असतं ते त्यांनी भिंग लावून दाखवलं. जिथे काही विकायला ठेवलेलं नाही अशा दोन ठिकाणी तरी तेच सांगितलंय का ते बघायचं. आणि एवढं करूनही, गोळी बंद करायची की सुरू करायची हे फोनला विचारायचं नाही. कागद घ्यायचा आणि आपल्या डॉक्टरकडे जायचं.

मी चुका शोधत होतो आणि सापडत नव्हत्या, त्याने माझी चिडचिड आणखी वाढली.

तिसऱ्या रविवारी छबूबाई घरून कागद भरून घेऊन आली. मोठ्या, सुट्या अक्षरांत, जशी मी शिकवली होती तशी. उभी राहिली आणि बोट ठेवून वाचायला लागली.

"नाव, याकोब रणनवरे सर. वय, सत्तर. गाव, शिरीरामपूर. तक्रार, शुगर. किती दिवस, चाळीस. औषध, काढा. कुणी सांगितलं, सरांनी सोता, देवाच्या घरात." तिने मान वर केली. "समदं भरलंय, दीनाबाई. ह्याच्यात काय खोट न्हाई."

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. दीनाबाईंची सगळी विद्या या एका कागदापुढे अडली होती. नाव खरं, गाव खरं, माणूस समोर बसलेला.

मग त्यांनी मला विचारलं, अगदी साध्या आवाजात, "सर, लेंटमध्ये तुम्ही काय सोडलं होतं?"

"चहातली साखर. भात. गोड सगळं."

"पहाटेच्या प्रार्थनेला कसे यायचात?"

"चालत. चाळीस दिवस चालत आलो."

"आणि गोळ्या?"

मी इकडेतिकडे बघितलं. "त्या ईस्टरपर्यंत चालू होत्या. बायको ऐकेना."

कोणीतरी "अस्सं" म्हणालं. खरं सांगतो, हे मी तोवर स्वतःलाही विचारलं नव्हतं. काढा कडू होता, म्हणून लक्षात राहिला. सोडलेला भात कोणाच्या लक्षात राहतो?

"शेवटची ओळ राहिलीय," दीनाबाई म्हणाल्या. "नंतर पुन्हा तपासणी केव्हा केली, सर?"

आणि मी खोटं बोललो. चर्चच्या आवारात, माझ्या वयाच्या दहा माणसांपुढे. "अजून नाही केली," मी म्हणालो.

दीनाबाईंनी ती ओळ रिकामी सोडली. "छबूबाई, कागद पुरा झालेला नाही," त्या म्हणाल्या. "तू उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चल. गोळ्यांचं डॉक्टरांना विचारू."

"सरांची तपासणी हुऊ द्या की," छबूबाई म्हणाली. "त्येंचं बघून मंग मी ठरवते. तवर चालू द्या काढा." दीनाबाईंनी खूप सांगितलं. पण सर समोर बसलेले असताना ती दुसऱ्या कोणाचं कशाला ऐकेल?

सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी चर्च झाडलेलं नव्हतं. दारात पाचोळा तसाच. कोणीतरी सांगितलं, छबूबाईच्या पायात बाभळीचा काटा गेला होता, पंधरा दिवस झाले. शुगरने पाय बधिर झालेले, तिला काटा कळलाच नाही. कळलं तेव्हा हळद भरून फडकं बांधलं. आदल्या दिवशी दीनाबाई तिच्या घरी गेल्या, फडकं सोडून बघितलं आणि तशीच रिक्षात घालून दवाखान्यात नेली. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं. शुगर चारशेच्या वर.

उपासनेत मी कुठलं गीत म्हटलं, मला आठवत नाही. चर्च सुटल्यावर घरी गेलो नाही. गल्लीत जाऊन दीनाबाईंच्या खिडकीपुढे उभा राहिलो. त्या नुकत्याच आल्या होत्या, पदर खोचून पाणी पीत होत्या.

"दीनाबाई, मला बोलायचंय."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग तांब्या ठेवला, खिडकीतल्या खुर्चीवर बसल्या आणि गठ्ठ्यातला एक कागद ओढला. सवयीने की मुद्दाम, मी अजून ठरवू शकलेलो नाही.

"नाव?"

"याकोब रणनवरे," मी म्हणालो.

"काय होतंय?"

"मी खोटं बोललो. तपासणी केली होती. दहा पॉईंट चार आली. मी गोळ्या परत सुरू केल्या आणि कोणाला सांगितलं नाही."

"किती दिवसांपासून?"

"जुलैपासून."

पेन थांबलं. त्या मनातल्या मनात महिने मोजत असणार. मी ते आधीच मोजले होते. काटा ऑगस्टच्या शेवटी लागला. जुलैत मी बोललो असतो तर काटा लागलाच असता, पण त्या बोटाचं असं झालं नसतं. ही गोष्ट मला कोणी सांगायची गरज नव्हती.

वाटलं, आता बाई झापणार. झापलं असतं तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मग आता औषध काय, सर?"

"पुढच्या रविवारी उभा राहतो. सगळ्यांपुढे सांगतो."

"रविवार लांब आहे," त्या म्हणाल्या. "छबूबाई आज वॉर्डात आहे."

मी परस्पर दवाखान्यात गेलो. छबूबाई खिडकीजवळच्या कॉटवर होती, पाय उशीवर. मला बघून उठायला लागली. मी तिला बसवलं, स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं. काढा, भात, चालणं, जुलै, आणि त्या दिवशी वर्गात बोललो ते. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. रडली नाही, रागावली नाही. बोलणं संपल्यावर तिने चादरीचा काठ सारखा केला.

मग म्हणाली, "मंग सर, गोळ्या घिऊ का म्या परत?"

पायाचं बोट जायची वेळ आली होती, आणि तरी ही बाई मलाच विचारत होती. मी पस्तीस वर्षं वर्गात हेच शिकवलं होतं. सर सांगतील ते खरं. मान खाली घालून ऐकायचं. मी बाहेर जाऊन सिस्टरला बोलावून आणलं आणि म्हणालो, "छबूबाई, हे यांना विचार. माझ्यासमोर विचार."

दुसऱ्या दिवशी बोट काढलं. पाय वाचला.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी साक्षीसाठी विचारलं तेव्हा मी उठलो. ईस्टरला जितक्या जोरात बोललो होतो तितक्याच जोरात बोलायचं ठरवलं होतं, पण पुढच्या बाकाची पाठ धरून हळूच बोललो. तरी सगळं सांगितलं. टाळी कोणी वाजवली नाही, आमेनही कोणी म्हणालं नाही. मी खाली बसलो तेव्हा बायकोने माझ्या हातावर हात ठेवला. त्या दिवशी दीनाबाईंच्या वर्गात आणखी पाच जण आले, पिशवीतून गोळ्यांच्या न फोडलेल्या पट्ट्या घेऊन. म्हणजे छबूबाई धरून सहा. माझ्या एका साक्षीने सहा घरांतल्या गोळ्या बंद केल्या होत्या. दीनाबाईंनी त्या पाचही जणांचे कागद काढले, आणि सोमवारी त्यांना घेऊन त्या दवाखान्याच्या रांगेत उभ्या राहिल्या. खिडकीत आता एक नवी मुलगी बसते, संगणकापुढे. ती नाव विचारायची विसरली तर दीनाबाई मागून आठवण करून देतात, असं ऐकतो.

मी आता दर रविवारी त्या बुटक्या बाकावर बसतो. छबूबाईला ड्रेसिंगला न्यायचं काम माझ्या स्कूटरकडे आहे. ते काम मला कोणी सांगितलं नाही.

जानेवारीतली गोष्ट. छबूबाईची जखम पुरती भरली होती, पण कातडी कोरडी पडून भेगा पडायला लागल्या होत्या. वर्ग सुरू व्हायच्या आधी ती पाय पुढे करून बसली होती. मी म्हणालो, "छबूबाई, खोबरेल कोमट करून लाव. दोन बोटांच्या बेचक्यातही लाव. आठ दिवसांत भेगा जातात."

"कुणी सांगितलं?" ती म्हणाली.

"अगं, मी सांगतोय."

तिने बाकावरचा एक कोरा केसपेपर उचलला आणि माझ्यापुढे सरकवला. वर पेन ठेवलं. "लिव्हा, सर. नाव, गाव, कुणी सांगितलं, समदं लिव्हा."

मला झोंबलं, नाही कशाला म्हणू. ज्या बाईचा हात धरून मी 'छ' गिरवून घेतला, ती मला कागद भरायला लावत होती. उभ्या आयुष्यात माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याने मला हा प्रश्न विचारला नव्हता. आणि मग एकदम, त्या बुटक्या बाकावर बसल्या बसल्या, माझे डोळे भरून आले. ती विचारायला शिकली होती, आणि ते तिला मी शिकवलं नव्हतं. दीनाबाई पलीकडे श्रीमंतांच्या फोनमध्ये डोकं घालून बसल्या होत्या. त्यांचं आमच्याकडे लक्षही नव्हतं.

मी कागद ओढला. नाव लिहिलं. हुद्दा लिहिला नाही. कुणी सांगितलं, तर 'कुठेतरी ऐकलं' असं प्रामाणिकपणे लिहिलं आणि कागद परत दिला. छबूबाईने एकेका ओळीवर बोट ठेवत तो वाचला. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"आन् हितं?"

"ते डॉक्टरांना विचारून येतो," मी म्हणालो.

"इचारा," ती म्हणाली. "मंग बघू तेलाचं."

सोमवारी विचारलं. तेल चालेल, पण बेचक्यात अजिबात लावायचं नाही, ओल राहून तिथे पुन्हा जखम होते, असं डॉक्टर म्हणाले. मी तसाच स्कूटर वळवून छबूबाईच्या दारात गेलो आणि तिला सांगितलं, की माझं चुकलं होतं.